मदत हवी आहे: धान्य लुटलं म्हणून पॅलाडिनच्या शक्ती जाव्यात का?

मंडळी, आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाची ३.५ आवृत्ती (२००३) खेळतो. माझं पात्र पॅलाडिन (धर्मयोद्धा), म्हणजे लॉफुल गुड (नियम पाळणारा सज्जन) असणं सक्तीचं. गावात दुष्काळ, सरदाराचं कोठार मात्र गच्च भरलेलं! मी कुलूप तोडून धान्य वाटलं, पहारेकऱ्याला चक्क थाप मारली.

डंजन मास्टर (खेळ चालवणारा) म्हणतो, आता तू केऑटिक गुड (सज्जन, पण नियम न जुमानणारा), शक्ती गेल्या. पण पॅलाडिनच्या आचारसंहितेत खोटं बोलू नये, न्याय्य सत्तेचा मान राखावा, याबरोबरच गरजूंना मदत करावी हेही आहेच की! गाव उपाशी ठेवणारी सत्ता न्याय्य कशी?

थापेबद्दल अटोनमेंट मंत्राचं प्रायश्चित्त घेईन. पण एवढ्यावरून अलाइनमेंटच (पात्राची नैतिक वृत्ती) बदलते? तुमच्या टेबलावर कसं ठरवता? (पाचव्या आवृत्तीत लॉफुल गुडची अटच नाही, ठाऊक आहे. पण आमचा गट आवृत्ती बदलायला तयार नाही.)