खेळताना खरंच लागलं तर "चालायचंच" म्हणून सोडून द्यायचं का? खान्देशातल्या खेळणाऱ्यांनी मत द्या

मेहरूणकर (धागा सुरू करणारा)

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात गेल्या काही वर्षांत दोन प्रकारचे खेळ चांगले रुजलेत. एक बैठा, डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या जातीतले, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. गायगॅक्स आणि आर्नसन या दोघांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत काढला, आता आपल्या गच्च्यांवर ऊन उतरल्यावर चालतो. दुसरा अंगावरचा, तीच गोष्ट पण उठून, अंगरखे घालून, फोमच्या तलवारी घेऊन मोकळ्या रानात, ज्याला लार्प म्हणतात.

यावलकडच्या एका केळीच्या बागेत अंधार पडल्यावर खेळ चालू होता, जखमी जासुदाचं काम करणारा पोरगा पळता पळता ठिबकच्या नळीत पाय अडकून पडला आणि मनगट मोडलं. तो ओरडत होता "मेलो, वाचवा, हात गेला". आणि सगळे बघत उभे, कारण त्याला तेच ओरडायचं होतं ना! कोणीतरी वा वा पण म्हटलं. तो रडायला लागला तेव्हा कुठे एकाने टॉर्च मारला.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रिकेटमध्ये माणूस खाली पडला की सगळ्यांना कळतं काहीतरी झालं, पण या खेळात पडणं, ओरडणं, मरणं हेच तर काम आहे, म्हणून खरं दुखणं ऐकूच येत नाही. तेव्हा प्रत्येक खेळाआधी थांबायची एक हाक ठरलीच पाहिजे जी गोष्टीत कुठेच येणार नाही, आणि ती कोणीही दिली की राजा असो नाहीतर राक्षस, जागच्या जागी थांबायचं. परदेशातल्या लार्पमध्ये "होल्ड" म्हणतात, आपण लहानपणी "टाइम प्लीज" म्हणायचोच की. दुसरं, एक जण न खेळणारा हवा, खिशात गाडीची चावी आणि चार्ज केलेला फोन. जागा दिवसाउजेडी पायी फिरून बघायची. आणि १८ च्या आतल्यांसाठी घरच्यांची सही. हे नसेल तर खेळ घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, बोला.

अमळनेरचा काका

इतला नियम व्हयनात तर खेय कोन खेयी रे भो?

रागावू नका पण हे सगळं वाचून वाईट वाटलं. आम्ही विटीदांडू खेळलो, आट्यापाट्या खेळलो, झाडावरून सूरपारंबी खेळलो. ८७-८८ ला दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागायचं, ते संपलं की अख्खी गल्ली खराट्याच्या काड्यांचे बाण घेऊन बाहेर. गुडघे फुटले, हळद भरली, परत मैदानात. आज पोरांना मोबाईलमधून उठवणं मुश्किल झालंय आणि जी थोडी उठतात त्यांच्यासमोर तुम्ही सहीचा कागद धरणार? पोरगं म्हणेल राहू द्या, मी घरीच बसतो. मनगट मोडलं ते सहा आठवड्यांत जुळतं हो, पण बाहेर खेळायची सवय एकदा मोडली की परत लागत नाही. तुम्ही त्या पोराच्या भल्याचंच बोलताय हे कळतं मला, पण उपाय आजारापेक्षा जड आहे.

भुसावळची सिस्टर

काका, मी डोळ्यांच्या वॉर्डात काम करते. आमच्या जुन्या सिस्टर त्याच रामायणाच्या वेळच्या पोरांचं सांगायच्या, त्याच खराट्याच्या काड्या, बुबुळात. गुडघा आणि डोळा एका तराजूत नका टाकू. विटी दोन्हीकडून टोकदार असते, उडते ती नेमकी समोरच्या झेलणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीला, आणि हा झेलायला बघत असतो म्हणजे डोळे सताड उघडे. बुबुळ फाटलं की हळद लावून परत मैदानात जाता येत नाही.

लुई ब्रेलचं माहीतच असेल, १८१२ ची गोष्ट, तीन वर्षांचा पोरगा वडिलांच्या कातडं शिवायच्या दुकानात आरीशी खेळत होता, एका डोळ्याला लागलं आणि पाच वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळे गेले. खेळच होता तो पण.

धाग्यावर आलेच आहे तर हे सांगून ठेवते, डोळ्यात काही घुसलं तर ओढून काढायचं नाही, चोळायचं नाही, पाणी मारायचं नाही, कापूस दाबून बांधायचं तर अजिबातच नाही. कागदी कपाचा तळ वरून झाकण म्हणून ठेवा, डोळ्याला टेकणार नाही असा, चिकटपट्टी लावा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. वाटेत खायला-प्यायला पण देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. (रंग, चुना, केमिकल गेलं तर मात्र उलट, लगेच भरपूर पाण्याने धुवत राहायचं, त्यात वेळ घालवायचा नाही.)

फासेवाला धुळे

बैठ्या खेळाला पण यात धरा राव, सगळ्यांना वाटतं टेबलावर काय लागणार. चार बाजूंचा फासा फरशीवर पडला की टोक वरच राहतं, सराट्यासारखा, आणि अनवाणी पाय पडला की माणूस खाली बसतो. जंगल स्पीड म्हणून खेळ आहे, मधोमध एक लाकडी दांडका असतो आणि पत्ता जुळला की तो आधी हिसकायचा, त्यात नखं आणि अंगठ्यांनी हात सोलून निघतात, आमच्याकडे अंगठ्या-कडी काढून वाटीत ठेवल्याशिवाय पत्ते वाटतच नाही. कॅरमची पावडर टाइल्सवर सांडली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं माकडहाड जातं, तेव्हा कोणी त्याला खेळातली दुखापत म्हणत नाही, पण आहे ती तीच. आणि या खेळांतले छोटे पुतळे कापायला-रंगवायला बसतात त्यांच्या बोटांकडे बघा एकदा, कटर स्वतःच्या दिशेने ओढायची सवय असते सगळ्यांना. फेव्हिक्विकने बोटं चिकटली तर ओढू नका, कातडी येते, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळू हळू सोडवा.

काकांना एकच सांगतो, चालायचंच म्हणत राहिलं की शेवटी सरकार बंदी आणतं. अमेरिकेत अंगणात फेकायचे जड टोकदार बाण मिळायचे, लॉन डार्ट्स, लहान मुलांच्या डोक्यात घुसून जीव गेले, डिसेंबर १९८८ मध्ये विक्रीच बंद केली. आधी स्वतः नीट खेळले असते तर ती वेळ आली नसती.

अमळनेरचा काका

फासेवाले भाऊ, ते बाण टोकदार आणि जडच बनवले होते, तिथे वस्तूच वाईट होती, ती बंद केली ते बरोबरच झालं. इथे वस्तू फोमची आहे. वाईट वस्तू काढा, मी कुठे नाही म्हणतो? कागद-सह्या नको म्हणतो. आणि सिस्टर, तुमचं डोळ्याचं मान्य, विटी झेलायचा नियम मीच नातवांना बंद करतो आजपासून, जमिनीवर पडल्यावरच उचलायची. पण असं डोळ्याला लागलं म्हणून विटीदांडूच सोडून दिला तर ते मला पटणार नाही.

पीटी सर चोपडा

फोमची आहे म्हणून निर्धास्त राहणं हाच धोका आहे. आत पीव्हीसी पाईप असतो, वर एसीच्या नळीला लावतात तो फोम. आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिली की डिंक सुटतो, टोकाचा फोम खाली सरकतो आणि पाईप वर येतो, बाहेरून पट्टी लावलेली असल्यामुळे दिसत नाही. खेळाआधी प्रत्येक तलवारीचं टोक अंगठ्याने दाबून बघा, आत कडक लागलं तर बाजूला. भोसकणं बंद, डोक्यावर-गळ्यावर वार बंद. धनुष्य असेल तर बाणाचं तोंड डोळ्याच्या खोबणीत शिरणार नाही एवढं रुंद पाहिजे आणि धनुष्य ३० पौंडाच्या वर नको, परदेशातले लोक बऱ्याच ठिकाणी हेच पाळतात.

मात्र मेहरूणकरांशी माझं एका ठिकाणी जमत नाही. नियम वाढवले की पोरं सुरक्षित होतात असं नाही. शस्त्र जितकं मऊ तितका हात मोकळा सुटतो, हे मी मैदानावर बघितलंय. कॅलिफोर्नियात १९६६ पासून चालत आलेली मध्ययुगीन लढाईवाली मंडळी आहेत, ते वेताच्या जाड काठीने मारतात आणि लोखंडी हेल्मेटशिवाय आत घेत नाहीत, म्हणजे संरक्षण वाढलं तसा मार पण वाढला. म्हणून मी आधी हात आवरायला शिकवतो. वार करायचा पण टेकवून थांबवायचा. ज्याला ते येत नाही त्याला तलवारच नाही, त्याने वैद्य व्हावं, पुजारी व्हावं.

आणि उन्हाचं कोणीच बोललं नाही! मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ च्या वर जातं आणि पोरं काळे झगे, पुठ्ठ्याचं चिलखत घालून दुपारी उभी. ऊन लागलेला माणूस आधी असंबद्ध बोलतो, अडखळतो, चिडतो. या खेळात जादूगार असंबद्ध बोलला तर लोकांना तो छान वठवतोय असं वाटतं. इथे मेहरूणकरांची थांबायची हाक पण कामाची नाही, कारण ज्याला ऊन लागलंय तो ती देणारच नाही, त्याला कळतच नसतं. म्हणून बाहेर उभा असलेला न खेळणारा माणूस लागतोच, त्याने मध्येच जाऊन आज वार कोणता विचारायचं, उत्तर गडबडलं की सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा, आणि १०८.

रावेरचा केळीवाला

मले एक सांगा, तुमच्या या चर्चेत वावरवाला कुठे आहे? बाग कोणाची होती, विचारून गेले होते का? रात्री केळीत माणूस शिरतो तेव्हा त्याला काय काय माहीत नसतं ते ऐका. घडाला टेकू लावलेले असतात, एक निसटला की घड डोक्यावर. रानडुकरांसाठी झटका मशीनची तार असते. जुन्या विहिरींना कठडा नाही, काठाला गवत वाढलेलं. ओलावा आणि पाचट म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे घोणस. आम्ही स्वतः बॅटरी आणि काठीशिवाय जात नाही. उद्या कोणाचं पोरगं विहिरीत गेलं तर पोलीस पहिले माझ्या दारात येणार, ना की तुमच्या राजाच्या.

काका म्हणतात कागद नको. मी म्हणतो कागद पाहिजे आणि त्यावर पहिली सही माझी. खेळायला माझी ना नाही, घड कापून झालेला मोकळा प्लॉट देतो मी, मशीन बंद करतो, विहिरीला दोरी बांधून देतो. पण सांगून या.

शहाद्याची पोरगी

मी खेळते, दोन्ही प्रकारचे, म्हणून बोलते. सर आणि केळीवाले दादा यांचं सगळं मान्य. सही मात्र मान्य नाही आणि का ते नीट वाचा.

आमच्या ग्रुपमध्ये मुली आहेत त्या घरी "मैत्रिणीकडे बोर्ड गेम" एवढंच सांगून येतात. मुलाचा हात मोडला तर घरचे म्हणतात सांभाळून खेळ, मुलीच्या कपाळाला टाका पडला तर म्हणतात उद्यापासून बंद, आणि पुढे लग्नाचं काय ते वेगळंच. म्हणून मुली लागलेलं लपवतात. आमच्यातली एक मुरगळलेल्या पायाने पूर्ण डाव खेळली आणि घरी जिन्यावरून घसरले म्हणून सांगितलं, पाय नंतर किती दिवस सुजलेला होता. तुमचा सहीचा कागद आला की पहिल्या दिवशी मुली गळतील. तुम्हाला वाटेल खेळ सुरक्षित झाला कारण आता कोणाला लागत नाही, खरं कारण हे असेल की आम्ही तिथे नाही.

आणि जो खेळ लागलेलं सांगितल्यावर बंद होतो तिथे कोणीच सांगणार नाही, मुलगा पण नाही. मग थांबायची हाक ठरवून काय उपयोग? ती द्यायला पण घाबरतील. आधी हे ठरवा की हाक दिली म्हणून कोणी चिडवणार नाही, डाव हरणार नाही, जिथे थांबला तिथूनच परत सुरू होईल.

मेहरूणकर

ताई, हाक देणाऱ्याचा डाव जाणार नाही हे शंभर टक्के घेतो, हे आधी लिहायलाच हवं होतं असं कोणालाही वाटेल इतकं ते बरोबर आहे. सरांचा "आज वार कोणता" विचारायचा उपाय पण लगेच सुरू करतो. पण सहीवर मी मागे येणार नाही. १५ वर्षांच्या पोराला टाका पडला, भूल द्यायची वेळ आली, तर दवाखान्यात आई-बाप लागतात, आणि त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळणार की पोरगं तलवार घेऊन कुठल्या रानात होतं? ते मला त्यांच्या तोंडावर सांगवत नाही. त्या पोराच्या आईने मला विचारलं होतं की तुम्ही नक्की खेळत काय होतात, आणि तिला ते आधी माहीत असण्याचा हक्क होता.

शहाद्याची पोरगी

हक्क आहे, नाही म्हणत नाही. मग सहीचा कागद पाठवू नका, आईंना खेळ बघायला बोलवा. दिवसा, केळीवाल्या दादांच्या मोकळ्या प्लॉटवर. बघून ज्या नाही म्हणतील त्यांच्याशी वाद नाही. पण न बघता कागदावर नाही म्हणणाऱ्या जास्त असणार हे मी आत्ताच सांगते.

भुसावळची सिस्टर

बोलवाल तेव्हा मला पण सांगा, सुट्टी असेल तर न खेळणारी म्हणून मी उभी राहते. गॉगल मात्र साधे उन्हाचे नकोत, फुटतात आणि काच डोळ्यात जाते, वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या सामानाच्या दुकानात पॉलिकार्बोनेटचे मिळतात ते आणा.

अमळनेरचा काका

दिवसा असेल तर नातवांना घेऊन येतो. सही मात्र मी पण करणार नाही.