कॅरिल चर्चिल यांची उत्तरकाळातील आखूड नाटके : झेप की माघार?

धागालेखक :
ब्रिटिश नाटककार कॅरिल चर्चिल यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे आणि म्हणूनच ही तक्रार मांडत आहे : उत्तरकाळात त्यांची नाटके आखूड होत गेली आणि त्यांतली माणसे निसटली. ‘टॉप गर्ल्स’मध्ये (१९८२) बढती मिळालेल्या मार्लीनच्या मेजवानीला पोप जोन, लेडी निजो अशा गतकाळातील स्त्रिया येतात, ही कल्पना विलक्षणच आहे; पण नाटक काळजाला भिडते ते शेवटी, बहिणीच्या स्वयंपाकघरात, जिथे मार्लीन आणि जॉइस तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थॅचरबाईंवरून कडाकडा भांडतात आणि जिला आपण मार्लीनची भाची समजत होतो ती अँजी तिचीच मुलगी असल्याचे उघड होते. तो घाव बसण्याआधी या माणसांबरोबर पुरेसा वेळ काढावा लागतो. ‘लव्ह अँड इन्फर्मेशन’मध्ये (२०१२) पन्नासहून अधिक तुकडे, म्हणजे सुटे छोटे प्रसंग, आहेत आणि कोणते वाक्य कोणाचे हेही संहितेत लिहिलेले नाही. माझ्या मते येथे माणसेच हरवली.

प्रतिसाद १ :
मला हे मान्य नाही. आटोपशीरपणा त्यांच्याकडे उतारवयात आला, असे तुम्ही गृहीत धरता. साठच्या दशकात, मुले लहान असताना, त्या बीबीसी रेडिओसाठी छोटी नाटके लिहीत होत्या. केवळ आवाजावर माणूस उभा करण्याचे शिक्षण तेथेच झाले. ‘फार अवे’ (२०००) तासाभराचेही नाही. त्यात लहानगी जोन रात्री मामाला माणसांना मारताना पाहते, आणि मामी प्रत्येक पुराव्याला नवे स्पष्टीकरण देत त्या मुलीला गुन्ह्यात सामील करून घेते. पुढे हीच जोन टोप्या बनवते, आणि त्या टोप्या घालून कैद्यांची मृत्यूकडे मिरवणूक निघते. जोन आणि तिचा सहकारी टॉड मात्र कामाच्या अटींबद्दल तळमळीने बोलत राहतात. सद्सद्विवेक कसा झिजतो हे याहून लांब नाटकात अधिक कळले असते, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २ :
लांबीपेक्षा कार्यपद्धतीकडे पाहायला हवे. ‘क्लाउड नाइन’ (१९७९) आणि ‘फेन’ (१९८३) ही नाटके जॉइंट स्टॉक या नाटकमंडळीबरोबर घडली. कलावंत, दिग्दर्शक आणि लेखिका आधी एकत्र शोध घेत, लोकांशी बोलत, आणि मग चर्चिल एकट्या बसून संहिता लिहीत. ‘फेन’मधील शेतमजूर बायकांच्या बोलण्याला जी माती चिकटलेली आहे, ती या भेटींतून आली. धागालेखकांना जी माणसे दिसेनाशी झाली, त्यांचा एक उगम या पद्धतीत होता. लेखिकेची ताकद ओसरली असे मी म्हणणार नाही, पण ही पद्धत मागे पडल्याची किंमत नाट्यलेखनाने मोजली, हे मला खरे वाटते.

धागालेखक :
‘फार अवे’बद्दलचा मुद्दा स्वीकारतो. ‘अ नंबर’चाही (२००२) अपवाद करायला हवा होता. क्लोन केलेल्या मुलांचा बाप सॉल्टर एकामागून एका मुलाला सामोरा जातो, आणि सगळी मुले एकाच नटाने करायची असतात. दोनच नटांवर केवढे ओझे! तरीही ‘लव्ह अँड इन्फर्मेशन’बाबत माझे मत तेच आहे. पात्राला नावच नसेल, तर नटाला दर प्रयोगात त्याचा भूतकाळ बाहेरून आणावा लागतो, आणि ते काम लेखिकेने अर्धवट सोडले आहे.

प्रतिसाद १ :
सोडलेले नाही, सोपवलेले आहे. कोण बोलते हे ठरवताना दिग्दर्शकाला आणि नटांना प्रत्येक तुकड्याचे नाते नव्याने शोधावे लागते, म्हणजे दुसऱ्या प्रतिसादात ज्या सामूहिक शोधाची खंत आहे तोच येथे तालमीत परत येतो. आणि माणसेच हवी असतील, तर ‘एस्केप्ड अलोन’ (२०१६) वाचा. सत्तरी गाठलेल्या चार बायका अंगणात चहा घेत गप्पा मारतात, मध्येच एकीच्या तोंडून जगबुडीची वर्णने येतात, आणि सॅली आपल्याला वाटणाऱ्या मांजरांच्या भीतीबद्दल बोलू लागते. दारे, खिडक्या, कपाटे, एकेक जागा ती मनातल्या मनात तपासत जाते, आणि त्या एका स्वगतात तिचे सारे आयुष्य मला दिसते.