आदेश येईपर्यंत पालकांना आणि शिक्षकांना काय सांगावे? (इंदूर)

प्रश्न: नवी मुख्याध्यापिका, इंदूर

नमस्कार. इंदूरमधील एका जुन्या मराठी संस्थेच्या शाळेत मी या एप्रिलपासून मुख्याध्यापिका आहे. शिकवण्याचे माध्यम हिंदी असले तरी कार्यकारिणी आणि निम्म्याहून अधिक शिक्षक मराठी आहेत. कोरोनाच्या काळात मी गणित शिकवत होते, त्यामुळे निर्णय घेण्याचा भार माझ्यावर कधी आला नाही. आता कार्यकारिणीने, पुन्हा तशी वेळ आल्यास शाळा कशी चालवावी याचा लेखी आराखडा मागितला आहे.

जुन्या फायली काढून पाहिल्या. मार्च २०२० चा शाळा बंद ठेवण्याचा आदेश, डिजीलेप या राज्य सरकारच्या मोबाइलवरून धडे पाठवण्याच्या उपक्रमाच्या व्हॉट्सॲप गटांविषयीच्या सूचना, जुलै २०२० पासूनच्या ‘हमारा घर हमारा विद्यालय’ या घरीच शाळा भरवण्याच्या सरकारी मोहिमेची परिपत्रके, सारे नीट लावून ठेवले आहे. परंतु दोन आदेशांच्या मध्ये जे दीड-दीड महिने कोणालाच काही ठाऊक नव्हते, त्या दिवसांत मुख्याध्यापकांनी लोकांना काय सांगितले, याचा एकही कागद फायलीत नाही. मला नेमके तेच हवे आहे. एखादी तारीख सांगून ती बदलावी लागली तर विश्वास जातो आणि काहीच सांगितले नाही तर अफवा पसरतात. शाळा कधी उघडणार हे स्वतःलाच माहीत नसताना आपण काय सांगत होतात आणि किती दिवसांनी सांगत होतात?

उत्तर १: निवृत्त प्राचार्य, इंदूर

मॅडम, आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण यात मी आधी चुकलो आणि मग शिकलो. २०२० च्या एप्रिलमध्ये मी पालकांना कळवले की पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होईल. ते झाले नाही. पुन्हा तसेच कळवले, पुन्हा झाले नाही. तिसऱ्या वेळी एका आजोबांनी फोन करून अतिशय शांतपणे सांगितले की, ‘सर, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आम्ही समजून घेऊ.’ त्यानंतर मी दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता एकच संदेश पाठवू लागलो. आज काय ठरले आहे, काय ठरलेले नाही आणि ते ठरवणे कोणाच्या हातात आहे, एवढेच त्यात असे. सांगण्यासारखे काहीही नसले तरी शनिवार चुकवायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. काही आठवड्यांतच रात्री-अपरात्री येणारे फोन कमी झाले.

याचे खरे मोल मला २०२१ मध्ये कळले. आमची शाळा सीबीएसईची. १४ एप्रिलला दहावीची परीक्षा रद्द झाली आणि बारावीची पुढे ढकलली गेली. शहरात त्या वेळी ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी लोक वणवण फिरत होते आणि आमची बारावीची मुले रुग्णालयाबाहेर रांगेत उभी राहून विचारत होती की अभ्यास करायचा की नाही. मंडळाने मात्र त्याच दिवशी दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या: १ जूनला परिस्थितीचा आढावा घेतला जाईल, आणि परीक्षा घ्यायची झाल्यास किमान पंधरा दिवस आधी कळवले जाईल. परीक्षेची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती, पण पुढची बातमी कधी येणार हे ठाऊक होते. मी मुलांना तेवढेच धरून ठेवायला सांगितले: आजारी माणूस घरात असेल तर पुस्तक बाजूला ठेवा, १ जूनच्या आधी काही होणार नाही आणि नंतरही पंधरा दिवस हातात असतील. १ जूनला परीक्षा रद्द झाली. परंतु ते सात आठवडे मुलांना निभावता आले, यात त्या दोन वाक्यांचा वाटा मोठा होता असे मी आजही मानतो. आपल्या आराखड्यात शाळा उघडण्याच्या तारखेसाठी नव्हे, तर पुढील निवेदनाच्या तारखेसाठी रकाना ठेवा.

उत्तर २: प्राथमिक वर्गशिक्षिका

सरांचे म्हणणे मला पटते, मात्र संदेश पाठवला म्हणजे तो पोहोचला असे धरू नये. माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांचे वडील पीथमपूरच्या कारखान्यांत कामाला जातात. घरात फोन एकच, आणि तो सकाळी वडिलांबरोबर निघून जाई. आम्ही सकाळी दहाला पाठवलेला धडा मूल रात्री आठला पाहत असे, तेही वडील थकून झोपले नसतील तर. हे आम्हाला समजायला दोन महिने लागले, कारण कोणी विचारलेच नव्हते. म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरी आवाजी फोन करून एवढे विचारावे: फोन कोणाकडे असतो, किती वाजता घरी असतो, कुटुंब शहरात आहे की गावी गेले आहे. ही यादी वर्गशिक्षिकेकडे कागदावर असावी.

दुसरी गोष्ट मुख्याध्यापकांसाठी. हे फोन करताना शिक्षिकांच्या कानावर जे पडते, ते पेलण्याची सोय आराखड्यात असली पाहिजे. दुसऱ्या लाटेत मी गृहपाठाची चौकशी करायला एका घरी फोन केला आणि मुलीने सांगितले की आई कालच गेली. पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही. आमच्या मुख्याध्यापिका रोज संध्याकाळी आम्हा तिघी-चौघींना फोन करत आणि कामाचे काही न विचारता आधी ऐकून घेत. त्यांनीच मग ठरवले की मृत्यू झालेल्या घरी दुसरा फोन त्या स्वतः करतील. आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी राज्याची दरमहा ५,००० रुपयांची योजना मे २०२१ मध्ये आली, तेव्हा अशा घरांची माहिती त्यांच्याकडे तयार होती आणि अर्ज भरून द्यायला वेळ लागला नाही.

उत्तर ३: पालक आणि कार्यकारिणी सदस्य

शुल्काचा विषय आराखड्यातून वगळू नका. आमच्या संस्थेत सर्वाधिक कटुता त्यावरूनच आली. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये महामारीच्या काळापुरते फक्त शिक्षण शुल्क घेण्यास सांगितले, पण तोवर सात-आठ महिने पालक आणि शाळा एकमेकांकडे संशयाने पाहत होते. शुल्कातून शिक्षकांचे पगार होतात, किती पगार थकले आहेत, हे कार्यकारिणीने पालकांसमोर मांडायला हवे होते. आम्ही ते संकोचाने लपवले. ज्या दिवशी जमाखर्चाचा कागद पालकांच्या गटावर ठेवला, त्या आठवड्यात जमेल तितके भरणारे अनेक जण पुढे आले.

प्रश्नकर्ती:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शनिवारचे निवेदन, फोनची यादी आणि जमाखर्च, हे तिन्ही आराखड्यात घेते. एक शंका उरते. शाळा पुन्हा उघडतानाही अशीच अनिश्चितता असते का?

उत्तर: प्राथमिक वर्गशिक्षिका

असते, ताई, आणि तिच्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. २० सप्टेंबर २०२१ ला पहिली ते पाचवीचे वर्ग निम्म्या उपस्थितीत सुरू झाले, तेव्हा दुसरीची मुले आयुष्यात प्रथमच वर्गात बसत होती. त्यांना डबा कधी उघडायचा हेही माहीत नव्हते. आम्ही पहिले दोन आठवडे पुस्तक उघडलेच नाही. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हा मुलांनी विचारले की आता परत कधी यायचे. आम्ही प्रत्येकाच्या वहीत लिहून दिले: ‘तारीख अजून ठरलेली नाही. सोमवारी बाई फोन करतील.’ आणि सोमवारी केला.