मदत हवी आहे: जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचा वीज-सॉकेट वितळला, रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावणं) आहे की नाही कसं कळेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. गेल्या ऑगस्टमध्ये एका खासगी मालकाकडून 2017 सालचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर, घेतला. जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येणार आहेत, त्यांना घेऊन आठवडाभर मिशिगनला जायचा बेत आहे. त्याआधी सवय व्हावी म्हणून गेल्या शनिवारी आम्ही तिघं जवळच्याच कॅम्पग्राउंडवर एक रात्र राहायला गेलो.

रात्री एसी चालू होता आणि पाण्याचा हीटरही विजेवर टाकलेला. साडेदहाला मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरी जळतंय." ब्रेकर पडला नव्हता. आत सगळं हुंगून पाहिलं, काही सापडेना. बाहेर येऊन बघतो तर ट्रेलरच्या बाजूला जिथे 30 अँपची केबल लावतात, तिथलं टोक हात लावू देईना इतकं तापलेलं. कॅम्पग्राउंडच्या वीज-खांबावरचा ब्रेकर बंद करून केबल काढली. एक पिन काळीठिक्कर, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. त्याच भिंतीला आतून लागून मुलीचा बंक आहे. तेव्हापासून मला धड झोप नाही.

शेजारच्या जागेवरचे गृहस्थ म्हणाले की या ट्रेलरना वायरिंगवरून रिकॉल निघाल्याचं त्यांनी ऐकलंय. घरी येऊन एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या साइटवर 17 अक्षरी व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकला, तर काहीच दाखवत नाही. डीलर म्हणतो, रिकॉल असला तरी तुम्ही पहिले मालक नाही, खर्च तुमचा. हे खरं आहे का? आणि ब्रेकर का पडला नाही? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

डीलरचं म्हणणं चूक आहे. सुरक्षेचा रिकॉल गाडीला चिकटलेला असतो, मालकाला नाही. पहिल्या विक्रीपासून 15 वर्षांच्या आत रिकॉल निघाला असेल, तर दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते, मग मधे कितीही मालक बदललेले असोत. रिकॉल असूनही त्याचं पत्र तुम्हाला आलं नसेल, कारण ते नोंदणीत ज्याचं नाव असेल त्याला जातं. तुमचं बहुधा जुन्या मालकाकडे गेलं असेल.

व्हिनच्या शोधात काही न दिसणं म्हणजे रिकॉल नाही असं समजू नका. वर्षाला 25,000 हून कमी गाड्या बनवणाऱ्यांवर ती सोय देण्याची सक्ती नाही, आणि ट्रेलर बनवणारे अनेकजण त्यातच मोडतात. त्याच साइटवर कंपनी, मॉडेल आणि वर्ष टाकून शोधा, शिवाय कंपनीला फोन करून व्हिन सांगा. आतल्या उपकरणांचा शोध वेगळा घ्या. रिकॉलच्या क्रमांकात व्ही असेल तर तो गाडीचा, ई असेल तर उपकरणाचा. 2006 मध्ये डोमेटिकने आगीच्या धोक्यामुळे नऊ लाखांहून जास्त आरव्ही (राहण्याच्या सोयीच्या गाड्या आणि ट्रेलर) फ्रिज परत बोलावले, तो क्रमांक ई चा होता. ते फ्रिज कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसलेले होते. नुसतं ट्रेलरचं नाव टाकून बसलात तर असलं काही हातून निसटतं.

ब्रेकरचं म्हणाल, तर तो जास्त करंट ओळखतो, सैल जोडातली उष्णता नाही. एसी आणि हीटर मिळून 25 अँपच्या आसपास गेले असतील, म्हणजे 30 च्या आतच. इथे 120 व्होल्ट, त्यामुळे आपल्याकडच्या 230 च्या मानाने त्याच कामाला जवळजवळ दुप्पट करंट लागतो, आणि पिन सैल असेल तर सगळा ताप त्या एका जागी साठतो. केबलचं टोकही बदला. नुसता सॉकेट नवा टाकलात तर केबलच्या टोकातला जळका जोड त्यालाही जाळेल. आतल्या बाजूचे स्क्रू आणि तारांचं इन्शुलेशन इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

जळालेला भाग टाकू नका, फोटो काढा, पावत्या जपा. रिकॉलची सूचना निघण्याआधी त्याच दोषासाठी केलेला खर्च काही अटींवर परत मिळतो. आणि रिकॉल सापडला नाही तरी एनएचटीएसएकडे तक्रार नोंदवाच. अशा तक्रारी एकत्र पाहूनच ते खातं चौकशी सुरू करतं.

धागालेखक

मनापासून आभार. आत्ताच मागचं पॅनल उघडलं. काळ्या पिनच्या मागचा स्क्रू बोटाने फिरतोय, आणि तारेचं इन्शुलेशन दोन इंचांपर्यंत कडक होऊन तडकलंय. फोटो काढलेत. सोमवारी सकाळी कंपनीला फोन करतो आणि काय म्हणतात ते इथेच लिहितो. कोणाच्या 2016 ते 2018 च्या ट्रेलरमध्ये असं झालं असेल तर कृपया सांगा.