मदत हवी आहे : आंब्यावरची फळमाशी आणि निंबोळी अर्क

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे, रासायनिक फवारणी पूर्ण बंद केलीय. वळीव पडला की फळमाशी सुटते. काल एक पाड कापला. वरून सोन्यासारखा पिवळा, देठाजवळ टाचणीच्या टोकाएवढा डाग, आणि आत पांढऱ्या अळ्यांची वळवळ. जीव तुटला अक्षरशः.

मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला वासानं ओढणारं रसायन) सापळे लावलेत, पण त्यात फक्त नर अडकतात. माद्या सालीखाली अंडी घालतातच. अळी एकदा गरात गेली की वरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून अंडी घालण्याआधीच माशीला फळापासून दूर ठेवायचंय. ५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळ्या, १०० लिटर पाणी) संध्याकाळी मारतोय, कारण उन्हात तो लवकर निकामी होतो. पाऊस आला की तोही धुऊन जातो.

कुणी निंबोळीसोबत करंज तेल वापरलंय का? किती दिवसांच्या अंतरानं? फळावर डाग पडतात का? सापळ्यात तुळशीचा रस घालून कुणाला माश्या सापडल्यात का? पडलेली फळं रोज वेचून खोल पुरतोय, अळ्या मातीतच कोष करतात म्हणून. बेळगाव, चंदगड भागातल्या बागायतदारांनी स्वतःचा अनुभव जरूर सांगा. तोडणी तोंडावर आलीय.