मदत हवी आहे: शिशुगृहातून आलेली सव्वादोन वर्षांची लेक, न्यू जर्सीत मी एकटी

ओंजळ

नमस्कार. मी एकल पालक आणि अमेरिकन नागरिक आहे. कारा या भारताच्या केंद्रीय दत्तक संस्थेमार्फत विदर्भातल्या शिशुगृहातून दत्तक घेतलेली माझी मुलगी आयएच-३ व्हिसावर (दत्तक परदेशातच पूर्ण झालेल्या मुलांचा व्हिसा) नुकतीच घरी आली आहे. सध्या रजेवर आहे. प्रश्न असे:

१. जेवण संपलं तरी ताट सोडत नाही. पोळीचे तुकडे उशीखाली ठेवते. किती खाऊ द्यायचं?
२. रात्री दोन-तीनला दचकून उठते. मी जवळ गेले की अंग ताठ करते. पण दिवसा मंडळातल्या कुठल्याही काकूंच्या कडेवर हसत जाते. सगळे कौतुक करतात, मला मात्र काळजी वाटते.
३. बोलत नाही. घरी फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला मिळतो आहे.
४. माझी आई पुण्याहून येते आहे. तिची मदत कशी घ्यावी?
५. कागदपत्रांचा क्रम काय? कशाला मुदत आहे?

रानजाई

आधी चौथ्या प्रश्नाचं उत्तर, कारण पहिले दोन त्यालाच बांधलेले आहेत. मदत घराला घ्या, मुलीला नाही. शिशुगृहात पाळीपाळीने बदलणाऱ्या मावश्या असतात. जो उचलेल त्याच्याकडे जायचं, एवढंच मूल शिकतं. अनोळखी कडेवर हसत जाणं हा मनमोकळा स्वभाव नाही, अमुक एक माणूस आपलं आहे हे अजून ठरलेलं नाही याची ती खूण आहे. म्हणून पहिले तीन ते सहा महिने भरवणं, अंघोळ, शी-शू, झोपवणं, पडल्यावर उचलणं ही पाच कामं फक्त तुम्ही करा. आजीने स्वयंपाक, धुणी, भांडी, वाणसामान बघावं. आजी खेळू शकते, गाणी म्हणू शकते, पण मूल रडलं की तिने ते तुमच्याकडे द्यायचं. आजीच्या मनाला हे लागतं. तेव्हा विमानात बसण्याआधीच फोनवर नीट समजावून सांगा. येऊन नातीला उचलल्यावर सांगितलं तर दोघींना त्रास होतो.

मंडळात, देवळात जाणं तूर्त कमी करा. कुणी हात पुढे केला तर "सध्या आम्ही फक्त आईकडे" म्हणा आणि वाद घालू नका.

ताटाबद्दल: हिसकावू नका, "पुरे" म्हणू नका. दर दोन-अडीच तासांनी ठरल्या वेळी खायला द्या आणि तिच्या हाताला येईल अशी एक टोपली कायम भरलेली ठेवा: केळं, पोळीचा रोल, मऊ उकडलेलं गाजर. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न नको, या वयात घशात अडकतात. टोपली रिकामी दिसली की साठवणं पुन्हा सुरू होतं, म्हणून ती तिच्यादेखत भरा. उशीखालचा तुकडा सापडला तर रागावू नका, शिळा काढून ताजा ठेवा. बहुतेक मुलांचं हे काही आठवड्यांत ओसरतं. सुरुवातीला मऊ खिचडी, वरणभात असंच सवयीचं द्या. पातळ अन्नावर वाढलेल्या मुलांना चावायची सवय नसते, ती घास गालात धरून ठेवतात. घट्टपणा आठवड्याआठवड्याने वाढवा.

दूध दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आसपास ठेवा. जास्त दुधाने पोट भरतं आणि आधीच कमी असलेलं लोह आणखी कमी होतं.

रात्रीचं: शिशुगृहात दिवा जळत असतो, शेजारी इतर मुलांचे श्वास ऐकू येतात. इथली अंधारी, शांत, स्वतंत्र खोली तिला भीतीदायक वाटते. तुमच्याच खोलीत, हात पोचेल अशा अंतरावर गादी, मंद दिवा, पंख्याचा आवाज. अंग ताठ करते तेव्हा बळेच कवेत घेऊ नका. शेजारी बसा, हात गादीवर ठेवा, रोज तीच दोन वाक्यं हळू आवाजात म्हणा. मूल रडून थकून झोपेल म्हणून बाहेर थांबण्याची पद्धत या मुलांना अजिबात लावू नका. रडून कुणी येत नाही, हे त्यांनी आधीच शिकलेलं असतं.

दस्तऐवज

मुदत असलेल्या गोष्टी आधी.

आरोग्य विमा: नोकरीच्या विम्यात नाव घालायला साधारण ३० दिवस मिळतात आणि ते दत्तक आदेशाच्या किंवा ताबा मिळाल्याच्या तारखेपासून मोजले जातात, अमेरिकेत उतरल्याच्या नाही. इथेच लोक चुकतात. भारतातला आदेश सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. त्यावरची तारीख आजच पाहा. मुदत गेली असेल तर मार्केटप्लेसमध्ये (स्वतः विमा घ्यायची सरकारी सोय) ६० दिवस असतात, आणि उत्पन्नात बसत असाल तर एनजे फॅमिलीकेअर या राज्याच्या सरकारी विम्याला वर्षभर अर्ज करता येतो.

रजा: न्यू जर्सीची फॅमिली लीव्ह इन्शुरन्स सलग १२ आठवडे किंवा सुटे ५६ दिवस मिळते, पगाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत, कमाल मर्यादेच्या आत. मूल आल्यापासून वर्षभरात वापरायची. सुट्या दिवसांसाठी कंपनीला १५ दिवस आधी कळवावं लागतं. उरलेली रजा आठवड्याला दोन-तीन दिवस अशी पसरता येईल का, हे एचआरशी बोलून घ्या. डेकेअरची सुरुवात त्यामुळे खूप सोपी होते.

नागरिकत्व: आयएच-३ वर आलेली मुलगी देशात प्रवेश करताच नागरिक झाली. नागरिकत्वाचा दाखला वेगळा अर्ज न करता टपालाने येतो. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख आल्या दिवशी तपासा. सोशल सिक्युरिटी क्रमांक दाखल्याआधी काढलात तर त्यांच्या नोंदीत ती नागरिक दिसत नाही. दाखला आल्यावर ती नोंद सुधारून घ्या.

पासपोर्ट: १६ वर्षांखालील मुलासाठी दोन्ही पालकांची संमती मागतात. दत्तक आदेशात पालक म्हणून एकट्या तुमचं नाव असेल तर तोच पुरावा, मूळ प्रत न्या. अमेरिकन पासपोर्ट झाला की भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड) अर्ज करा. त्याआधी व्हिसाच्या पानाच्या रंगीत प्रती काढून ठेवा.

काराचे अहवाल: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, म्हणजे एकूण सहा. ते तुमची एजन्सी पाठवते, पण भेटीच्या तारखा तुम्हीच कॅलेंडरवर लावा.

कर: दत्तक खर्चाच्या करसवलतीसाठी फॉर्म ८८३९. परदेशी दत्तकाचा खर्च आदेश अंतिम झाल्याच्या वर्षीच दाखवता येतो, आधीच्या वर्षांचा खर्चही त्याच वर्षी. २०२५ साठी कमाल १७,२८० डॉलर, त्यातले ५,००० पर्यंत कर नसला तरी परत मिळू शकतात.

अबोली

दवाखान्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. व्हिसाची तपासणी पुरेशी नसते. आल्यापासून दोन आठवड्यांत पूर्ण तपासणी हवी, जमल्यास आंतरराष्ट्रीय दत्तक क्लिनिकमध्ये: रक्तगणना, लोह, शिसं, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षय, शौचाचे वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने, शिवाय कान आणि डोळे. क्षय, कावीळ आणि एचआयव्हीच्या चाचण्या सहा महिन्यांनी पुन्हा करायच्या, कारण उशिरा झालेला संसर्ग पहिल्या वेळी दिसत नाही.

दंडावर क्षयाच्या बीसीजी लसीचा व्रण असेल. "त्यामुळेच क्षयाची चाचणी पॉझिटिव्ह आली" असं म्हणून कुणी सोडून दिलं तर मान्य करू नका. दोन वर्षांवरील मुलांसाठी रक्तावरची इग्रा चाचणी असते, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

लसी: भारताच्या सरकारी कार्यक्रमात एमआर (गोवर-रुबेला) देतात, त्यात गालगुंड नाही. पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल तर इथे धरत नाहीत. एप्रिल २०१६ नंतरचे तोंडावाटे दिलेले पोलिओचे डोसही धरत नाहीत. कांजिण्या आणि कावीळ ए या लसी तिथे बहुधा दिलेल्याच नसतात. कार्डाची प्रत डॉक्टरांना देताना हे मुद्दे स्वतः काढा.

रानजाई

भाषा राहिली. मराठी थांबवू नका. तिला कळणारी एकच भाषा आहे आणि घर, माणसं, वास सगळं बदललेलं असताना तीही काढून घेणं क्रूर आहे. इंग्रजी डेकेअरमध्ये काही महिन्यांत येते. बघायचं ते हे: "पाणी कुठंय?", "चप्पल आण", "इकडं ये" हे हातवारे न करता सांगितलं तर कळतं का? कळत असेल तर बोलणं बहुधा येईल. मराठीतही कळत नसेल तर आधी श्रवण चाचणी.

दोन्ही बाबतीत राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शनला (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीची सेवा) आत्ताच फोन करा. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, मूल्यमापन मोफत, आणि पहिली बैठक ४५ दिवसांत व्हायला हवी. मूल्यमापन मराठीत किंवा दुभाष्यासह मागा. तिसऱ्या वाढदिवसाला ही सेवा संपते आणि पुढचं शाळा-जिल्ह्याकडे जातं, त्याची बैठक निदान ९० दिवस आधी.

ओंजळ

खूप आभार. आदेशाची तारीख पाहिली, मुदत अजून आहे, उद्याच एचआरला मेल करते. डेकेअर कसं सुरू करावं? आणि मला काही झालं तर?

रानजाई

मोठ्या सेंटरपेक्षा कमी मुलं आणि एकच कायमची बाई असलेलं घरगुती डेकेअर निवडा. पहिला आठवडा तुम्ही तिच्यासोबत तासभर बसा. दुसऱ्यात अर्धा तास बाहेर जा. मग हळूहळू दुपारच्या जेवणापर्यंत. झोप तिथे सगळ्यात शेवटी. नजर चुकवून कधीही निघू नका, "आई जाते, आई येते" सांगून जा आणि तुमची वापरलेली ओढणी तिच्याजवळ ठेवा. उशीखाली पोळी पुन्हा दिसू लागली तर वेग जास्त झाला, एक पायरी मागे या.

दस्तऐवज

एकल अर्जदार म्हणून काराला नातेवाईकाचं हमीपत्र दिलं असेल, पण तुमच्यामागे मुलीला सांभाळणारा पालक न्यू जर्सीत नेमायला ते पुरत नाही. वकिलाकडून मृत्युपत्र करून पालक नेमा. नातेवाईक भारतात असतील तर ते येईपर्यंत मुलीला सांभाळायला जवळ राहणारी दुसरी व्यक्तीही नेमा. तिचं नाव डेकेअरच्या आणीबाणीच्या यादीत असू दे, आणि उपचारांना संमती देण्याचं नोटरी केलेलं पत्र तिच्याकडे आणि आजीकडे एकेक असू दे. आजी परत जायच्या आत हे उरका.