मदत हवी आहे: अंगठ्यांची नखं जन्मापासून अर्धवट, पुढे काय तपासावं?

मुलगा ८ वर्षांचा. दोन्ही अंगठ्यांची नखं जन्मापासून अर्धीच, तर्जनीची पातळ, करंगळीची ठीक. पायाची चांगली आहेत. बुरशीचं औषध महिनोन्‌महिने लावून फरक शून्य. नखाच्या मुळाशी असते ती पांढरी चंद्रकोर गोल नाही, टोकदार दिसते. वडिलांचे अंगठेही असेच. त्रास काहीच नाही. कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने?

नखशिखांत:
बुरशी जन्मापासून नसते आणि दोन्ही हातांना इतकी सारखी धरत नाही. अंगठ्यापासून करंगळीकडे दोष कमी होत जाणं आणि त्रिकोणी चंद्रकोर, हे नेल-पटेला सिंड्रोमचं (नखं आणि गुडघ्याची वाटी बिघडवणारा आनुवंशिक आजार) चित्र आहे. आणखी एक खूण पाहा: बोटाच्या टोकाकडच्या सांध्यावर, पाठच्या बाजूला, सुरकुत्या जवळजवळ नसतात. उजेडात, बोटं सरळ ठेवून वरून फोटो काढा.

दोष एलएमएक्स१बी या जनुकात असतो. गर्भात हातापायांची पाठची बाजू घडवणं त्याचंच काम, म्हणून नख आणि (गर्भात त्याच बाजूची) गुडघ्याची वाटी दोन्ही बिघडतात. किडनीच्या गाळणीलाही तेच जनुक लागतं, आणि खरी काळजी तिथेच आहे.

म्हणून पहिली तपासणी लघवीची: सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातंय ते यातून कळतं), सोबत रक्तदाब. दोन्ही दरवर्षी. लघवीत बुडवायच्या नुसत्या पट्टीवर विसंबू नका, थोडं अल्ब्युमिन तिला कळत नाही. मग गुडघे (वाटी लहान, बाहेर सरकणारी) आणि कोपर पूर्ण सरळ होतं का ते. कमरेच्या एक्स-रेत नितंबाच्या हाडांवर मागे शिंगं दिसली तर निदान जवळपास पक्कं. ती निरुपद्रवी असतात, काढायची नाहीत.

प्रश्नकर्ता: वडिलांचीही लघवी तपासायची?

नखशिखांत:
आधी त्यांचीच! वय वाढतं तसं प्रथिन जाण्याची शक्यता वाढते. शिवाय डोळ्यांचा दाब आणि डोळ्यामागची नस बघून घ्या, काचबिंदू या आजारात कमी वयात होऊ शकतो.

कोपरा:
+१. जनुक चाचणीही वडिलांपासून सुरू करा. त्यांच्यात बदल सापडला तर मुलात तेवढाच शोधायचा. प्रत्येक अपत्याला शक्यता ५० टक्के. चाचणीत काही निघालं नाही तरी खुणा इतक्या स्पष्ट असतील तर लघवीची तपासणी थांबवू नका.

गुडघा दुखला की आयब्युप्रोफेन देणं टाळा, किडनीवर भार पडतो.

(चंद्रकोर निळसर असती तर विल्सन आजार (शरीरात तांबं साठतं), नखाच्या कडेला मांसल गाठी असत्या तर ट्युबरस स्क्लेरोसिस (अनेक अवयवांत गाठी होणारा आनुवंशिक आजार), असा वेगळा विचार करावा लागला असता.)

प्रश्नकर्ता: सोमवारी नमुना देतो. मुलाला आज ताप आहे, चालेल?

नखशिखांत: नको. तापात आणि जोरदार खेळल्यावर प्रथिन तात्पुरतं वाढतं. ताप उतरून आठवडा जाऊ द्या.